खांबाजवळची कानबाई

सापाला सुभद्राबाई कधी भ्यायली नाही, तापीच्या पुरालाही नाही. भ्यायली ती कागदाला.

शेजारच्या गल्लीत पालिकेच्या माणसांनी एका इमारतीच्या दाराला पांढरा कागद चिकटवला. नळ तुटला, वीज तुटली, आणि सोळा बिऱ्हाडं गोधड्यांसकट रस्त्यावर आली. आधी ही धोकादायक इमारतींची तपासणी कापडबाजारापुरती होती. मग शाळा झाल्या, दवाखाने झाले. यंदाच्या पावसाळ्यात ती सुरतेतल्या नवागामच्या राहत्या घरांपर्यंत आणि त्यांच्या तळच्या दुकानांपर्यंत येऊन पोचली.

आणि सुभद्राबाईच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, मधल्या खोलीत, एक खांब होता. त्याला बोट जाईल एवढी भेग होती.

अमळनेरकडच्या खेड्यातून ती नवऱ्यामागे सुरतेला आली तेव्हा बरोबर एक पत्र्याची पेटी होती. नवऱ्याने, भटूने, तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, त्यात कान गमावले, आणि जाण्याआधी या तीन खोल्या तिच्या नावावर करून गेला. तिने साड्यांचे सुटे धागे कापून बोटांना घट्टे पाडून घेतले. दोन जन्मांची मिळकत ती एवढीच.

श्रावणात कानबाई देवी घरी बसते, त्याआधी खानदेशी माणूस घर रंगवतोच. सून वर्षाने भेगेत सिमेंट भरलं, मुलगा गजेंद्रने वर रंग फिरवला. आठ दिवसांत भेग पुन्हा वर आली, झोपलेल्याने पापणी उघडावी तशी. तेव्हा सुभद्राबाईने ठरवलं, यंदा कानबाई या खांबालाच टेकवून बसवायची. मागे साडीचा पडदा.

"ज्या मायनी घर दिधं, तीच धरी ठेवी," ती म्हणाली.

श्रावणातल्या त्या रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे लावले, नाकात नथ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. पांडेसऱ्याहून, पलसाण्याहून भाऊबंद आले. नैवेद्याचे रोट झाले, गाणी झाली, फुगड्या झाल्या.

सोमवारी सकाळी ती दिव्यात तेल घालायला वाकली, तर नथीवर पांढरी भुकटी. तिने पदराने पुसली. रांगोळी उडाली असेल, असं स्वतःला सांगितलं. रांगोळी वर उडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आणि तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

पालिकेचा एक इंजिनियर होता, आणि एक हातोडीवाला. हातोडी भिंतींवर वाजू लागली. टक. टक. मधल्या खोलीच्या दारात मात्र इंजिनियरने बूट काढले, हात जोडले. "माताजी बेठां छे, रहेवा दो," तो हातोडीवाल्याला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "माजी, विसर्जन होने दो. यह कोना परसों देखेंगे." मागच्या दाराने, लगतच्या गच्चीवरून तो हातोडीवाल्यासह शेजारची इमारत बघायला गेला. बूट तिथेच राहिले.

"आई, कानबाईनी वाचाडं!" गजेंद्र कुजबुजला. "आज रातले जाळी मारसू, सिमेंट भरसू, वर टाइल ठोकी देसू. साहेबना बाप बी वळखाव नही."

वरच्या मजल्यावरचा चिंधा हसला. "दर सोमवारे कानबाई बसाडत जा, बाई. पालिका फिरकाव नही!"

सगळे हसले. सुभद्राबाईही हसली, पण तिचे ओठ कोरडे पडले होते.

खाली ढोल सुरू झाला. आरतीसाठी तिन्ही मजल्यांची माणसं खोलीत लोटली. पोरं उड्या मारायला लागली. पहिल्या ठेक्याला भुकटी नथीवर पडली. दुसऱ्याला देवीच्या डोळ्यात. सुभद्राबाईने पडद्यामागे हात घातला आणि तळवा खांबाला लावला. आत काहीतरी सरकत होतं, बारीक, कणगीतून धान्य गळावं तसं.

ओरडावं तर जिना एक माणूस जाईल एवढा. पळापळ झाली तर जिनाच माणसं खाईल. गप्प बसावं तर घर वाचेल. परवापर्यंत वाचेल.

ती वाकली, आणि पाटासकट कानबाई उचलून तिने डोक्यावर घेतली.

"माय वं!" वर्षा किंचाळली. "आरती बाकी शे अजून! काय करी राहिनी तू?"

"आरती खाले करसूत. माय चालनी. आते वर कोणी ऱ्हावानं नही."

कानबाई निघाली की मागे कोण थांबणार? ढोल थांबला. माणसं अनवाणी, एकामागे एक, तिच्या मागून उतरू लागली. एकोणीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तिला वाटलं, आता. आता. चिंधा सर्वात शेवटी आला, आपल्या म्हाताऱ्या बायकोला पाठीवर घेऊन, "मरानं वय मन्हं, आन पाठवर हाई," असं पुटपुटत.

इंजिनियर शेजारच्या दारातून अनवाणीच बाहेर येत होता. सुभद्राबाई त्याच्यासमोर उभी राहिली. गजेंद्रने तिचं कोपर घट्ट धरलं. "आई, चूप."

"साहेब," ती म्हणाली, "माताजी उठ गई. अब पीछे देखो."

तो हातोडीवाल्याला घेऊन वर गेला. हातोडीचा एकच आवाज खाली आला, फुटक्या मडक्यासारखा बद्द. मग तो हातोडीवाल्यासह धावत उतरला. बूट वरच राहिले होते. "कोई ऊपर नहीं जाएगा!"

तापीत कानबाई बोळवून, रिवाजाप्रमाणे घराच्या कोपऱ्यांत टाकायला ताटात वाळू घेऊन ती परतली, तेव्हा इमारतीच्या दाराला दोरी होती. दोरीवर कागद होता. गजेंद्र वाटभर तिच्या दहा पावलं पुढे चालला होता.

"आई," वर्षाने हळूच विचारलं, "वाळू कोठे टाकसूत?"

सुभद्राबाईने दोरीपलीकडच्या जिन्याकडे पाहिलं. तिने ताट एका हातावरून दुसऱ्यावर घेतलं, वाळू कडेवरून सांडली. गजेंद्रने तिच्याकडे न बघता खांद्यावरचा रुमाल काढला, समोरच्या दुकानाच्या ओट्यावर अंथरला.

"आठेच ठेव," तो म्हणाला.