संकष्टीचा गूळ

मला मधुमेह आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून माझं लक्ष देवापेक्षा मोरीतल्या मुंग्यांकडेच जास्त. मुंग्या लागल्या म्हणजे लघवीत साखर. रोज सकाळी स्टोव्हवर निळ्या औषधात लघवी उकळून बघायची. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं की साखर वाढलेली. पुढे पुढे तर पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला जाताना विटांची गाडी दिसली तरी छातीत धडधडायचं. पाय कापावा लागेल, पोरं उघड्यावर पडतील, हेच डोक्यात. बायको म्हणे, "साखरेनं नाही, काळजीनंच जाल तुम्ही."

शेवटी संकष्टी धरली. सकाळी इन्शुलिनची सुई घेतली आणि काही न खाता चिंचवडच्या गणपतीला चालत निघालो. सुईनं साखर उतरते, उपासानंही उतरते, दोन्ही एकदम केलं तर दुप्पट गुण येईल, असं माझं डोकं चाललं. साबुदाण्यालाही शिवलो नाही.

देवळाच्या रांगेत हातपाय लटलटू लागले, सदरा घामानं भिजला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मटकन खाली बसलो. मागं एक म्हातारी होती. ती म्हणाली, "सरका, बाबाच्या अंगात आलंय." आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून, "देवा, माजी म्हस हरवलीया. कुठं हाय ती?" मला पाणी हवं होतं, म्हणून थरथरता हात नदीकडे केला. म्हातारीला उत्तर मिळालं. तिनं नैवेद्याचा गूळ काढला. मला गोड चालत नाही, हे सांगायला जीभ वळेना, म्हणून दात आवळले; तर तिनं गालफडं दाबून खडा आत कोंबला. मोरया, आता तूच बघ, मनात म्हटलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच काळजी सोडली.

गूळ विरघळला तशी थरथर थांबली. "देव शांत झाला," म्हातारी म्हणाली.

डॉक्टर मात्र भडकले. सुई घेऊन उपाशी राहिल्यानं साखर पार उतरली होती, त्या गुळानंच मी वाचलो म्हणे. म्हैस नदीतच सापडली. "म्हशी आणखी कुठं जाणार?" बायको म्हणाली.

आता सुई घेतली की वेळेवर जेवतो, खिशात गूळ बाळगतो, बाकीचं मोरयावर सोपवतो. ज्या गोडाला मी मरणासारखा भीत होतो, तेच त्यानं मला भरवलं, हे आठवलं की अजून डोळे भरून येतात.

पुढच्या संकष्टीला म्हातारी देवळात माझी वाटच बघत होती. सोबत शेजारीण; तिची शेळी हरवलेली.

"आज कवा येनार अंगात?"

म्हटलं, "आज नाही यायचं, आजी. जेवून आलोय."