कामावर गेलेली सून

आप्पा सगळ्या गल्लीत फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. कुणाची भीड ठेवायची नाही आणि खोटं बोलायचं नाही. पण रोज सकाळपासून दुपारपर्यंत दारातल्या खुर्चीत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगत, "सूनबाई न्हाईत घरात. कामावर गेल्यात." मी तेव्हा मागच्याच खोलीत असे.

आप्पा माझे सासरे. मी नेसरीजवळच्या खेड्यातली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. मुलगा झाल्यावर रोज बाहेर पडणं जमेना, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं घरून प्रोग्रॅमिंगचं काम दिलं. कोल्हापुरात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. तीन मॉनिटर लागतील म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "टीव्हीचं दुकान काढतीस काय?"

आप्पांनी मात्र विचारलं, "तीन कशाला गं?"

एकावर प्रोग्रॅम लिहायचा, एकावर चालवून बघायचा, तिसऱ्यावर पुण्याचे निरोप, असं मी सांगितलं. ते हसले. "मग आमचं गुळाचं दुकान काय येगळं होतं? एक नजर काट्यावर, एक गिऱ्हाइकावर, एक हमालावर. डोळं दोनच, म्हणून मान दुखायची."

दुकान घराच्याच पुढच्या भागात होतं आणि मागच्या खोलीत ते गूळ साठवत. ती त्यांनी रिकामी करून दिली. ते पाठीमागं भोपळ्यासारखे फुगलेले मॉनिटर बाजारातल्या टेबलावर मावेनात, म्हणून बंद केलेल्या दुकानाच्या फळ्या सुताराकडून जोडून घेतल्या. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकायचा, तिथं गोणपाट टांगलं. गोणपाटाला गुळाचा वास होताच. आठवड्यात मुंग्या कीबोर्डात शिरल्या. मग आप्पांनी गोणपाट काढलं, टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि मलाच दटावलं, "वायरी वर बांध. पाण्यात पडल्या तर मुंग्या ऱ्हातील आन् तू जाशील."

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "आवो आप्पा, कामावर कसली? आत टकटक ऐकू येतीया की!"

"येऊ दे. मी दुकानात बसायचो, तवा घरात बसलाय म्हणत हुता व्हय?"

काकू गेल्या. हळदीकुंकू, निवडायचे तांदूळ, पाहुण्यांचा चहा, सगळं दारातूनच परतायला लागलं. अशी तीन वर्षं मी मन लावून काम केलं.

मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर हुपरीचे थोरले दीर आले, सांगलीहून चुलतसासूबाईही आल्या. बैठक बसली. सेवा कुणी करायची? दीर म्हणाले, "त्यात इच्चारायचं काय? ही घरातच असती की दिवसभर." माझे यजमान खाली बघत राहिले. कॉटवरून आप्पा डाव्या हातानं लोखंडी पट्टी बडवू लागले. तोंडातून "का... का..." एवढंच निघे. दीर म्हणाले, "काकी पायजे व्हय? आलीच हाय न्हवं सांगलीस्नं." मला काय ते कळलं होतं. मी बोलले नाही, कारण ते मी बोलले असते तर सून सेवा टाळते असं झालं असतं.

संडासाजवळ माझी मागची खोली तेवढीच. तिथं आप्पांची कॉट आली. टेबल भिंतीला उभं केलं, मॉनिटर माळ्यावर गेले. पुण्याच्या लोकांनी महिनाभर वाट पाहिली.

मी त्यांचं सगळं केलं आणि आनंदानं केलं. पण सकाळी मी वाटीत पेज घेऊन गेले की ते भिंतीकडं तोंड फिरवत. माझ्या हातची पेज त्यांना दुपारनंतर चाले. दीर म्हणत, म्हातारा हट्टी झालाय. पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले.

आता आम्ही पुण्यात असतो. मी डबा घेऊन बाहेर पडते. ऑफिसात काम तेच, पडदेही तीनच. सासूबाई भेटेल त्याला कौतुकानं सांगतात, "सून नोकरीला हाय." हे ऐकायला आप्पा हवे होते, असं नातेवाईक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आप्पांना संताप आला असता.