केकला क्युअरिंग लागतं

माझा पहिला केक पप्पांनी खाल्ला नाही, वाजवला.

म्हणजे खरंच वाजवला. बोटाच्या पेराने टक टक करून, कान जवळ नेऊन. नवीन फरशी बसवल्यावर खाली पोकळ राहिलीय का ते बघायला साइटवर वाजवतात ना, अगदी तसं. मग मांडीवरची पाटी उचलली, खडूने लिहिलं, "पोकळ नाही. भरीव काम," आणि ताटली माझ्याकडे परत सरकवली.

मला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. कारण तो केक खायला केला होता, आणि पप्पांनी खाणं ही तेव्हा आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

थांबा, जरा मागून सांगतो, नाहीतर गोंधळ होईल. माझे पप्पा साइट सुपरवायझर. तीस वर्षं विरार-नालासोपाऱ्यात बिल्डिंगी उभ्या करण्यात गेली. उन्हात उभं राहून तंबाखू मळायची सवय, तीही तीस वर्षांचीच. या वर्षी जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेना, मग तपासण्या, मग जे नको होतं नेमकं तेच निघालं. ऑपरेशनमध्ये जिभेचा थोडा भाग आणि जबड्याचा एक तुकडा गेला. पप्पा वाचले. हे वाक्य मी फटकन टाइप करून पुढे चाललोय, पण खरं तर इथे थांबून हात जोडायला पाहिजेत. जोडले. पुढे.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवड्यांनी रेडिएशन सुरू करायचं, त्याआधी वजन निदान पन्नास पाहिजे. त्या दिवशी होतं अठ्ठेचाळीस. रेडिएशनमध्ये खाणं अजून कमी होतं, म्हणून आधीच अंगात काही नसेल तर नाकातून पोटात नळी घालून ठेवावी लागेल. ती नळी पप्पांना हॉस्पिटलमध्ये होती. काढली त्या दिवशी त्यांनी नर्सकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहून मला दाखवलं, "परत नको."

तर तीन आठवडे, दोन किलो, नाहीतर नळी. एवढंच होतं सगळं.

पण खाणार कसं? तोंडच उघडत नव्हतं. किती उघडतं ते आइस्क्रीमच्या काड्यांनी मोजायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. दातांमध्ये एकावर एक काड्या सरकवायच्या. पप्पांचा आकडा अकरा. त्यात छोटा चमचा जेमतेम जातो. तिखट झोंबतं. कोरडा घास जिभेने फिरवता येत नाही, तो तिथेच बसून राहतो. मग पेज, गुरगुट्या भात, पातळ वरण, शिकरण, आणि परत पेज. चौथ्या दिवशी पप्पांनी वाटी बघून तोंड फिरवलं. पाटीवर लिहिलं, "रोज चुना."

आई सकाळी वसईला शाळेत शिकवायला जाते. उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघंच. आणि आम्हा दोघांचं काही फार जमायचं नाही, हेही सांगून टाकतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा करावा ही पप्पांची इच्छा. मी आरसीसीच्या विषयात तीनदा केटी लावून, म्हणजे नापास होऊन, तो डिप्लोमा सोडला. आता घरी बसून एका कंपनीसाठी ग्राहकांशी चॅट करतो. "तुमची अडचण मी समजू शकतो सर," हे वाक्य मी डोळे मिटूनही टाइप करू शकतो. पप्पांना ते काम म्हणजे काम वाटायचंच नाही. दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे, पाणी आलं का, मोटर लाव, मोटर बंद कर. एवढंच.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, अंडी, लोणी, साखर, दूध, मऊ पदार्थ. मी ते वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. अरे, हा तर केक आहे. मावशीने घरभरणीला दिलेला छोटा ओव्हन माळ्यावर खोक्यातच पडून होता. मी आयुष्यात मॅगीच्या पुढे गेलेलो नाही, पण रात्रीत अकरा व्हिडिओ बघितले, तेही दीडपट स्पीडने, आणि सकाळी स्वतःला बेकर समजून उठलो.

पहिल्या केकचं काय झालं ते सांगितलंच. रेसिपीत एक कप लोणी, दोन कप मैदा होतं. लोणी मी पप्पांच्या चहाच्या कपाने मोजलं आणि मैदा पाण्याच्या मगाने. कप तो कपच, असं मला वाटलेलं.

दुसऱ्या केकच्या वेळी मी ओव्हनचं दार पाच वेळा उघडलं. फुगतोय का बघायला, अजून फुगतोय का बघायला. पाचव्यांदा बघितलं तर मध्ये खड्डा. पप्पांनी खड्ड्यात बोट घालून खोली मोजली आणि लिहिलं, "स्लॅब बसला. शटरिंग लवकर काढलंस?" मी म्हटलं, टेकूच्या फळ्या नाही, ओव्हनचं दार उघडलं होतं. त्यांनी त्या वाक्याखाली रेघ मारली, शिक्षक मारतात तशी.

तिसरा केक. डब्यांवर नावं नव्हती, आणि आई कोकणातली, त्यामुळे मैद्यापेक्षा मोठा डबा तांदळाच्या पिठाचा. घावनं लागतात ना. मी तो डबा घेतला. जे बाहेर आलं त्याला सुरी लावली तर करकर आवाज आला. पप्पा बराच वेळ बघत बसले. मग लिहिलं, "आरसीसीला केटी. केकला पण केटी."

केटी हा शब्द घरात निघाला की आधी भांडण व्हायचं, दारं आपटायची. या वेळी मी वाचलं आणि मला जे हसू सुटलं ते थांबेचना. पप्पांना हसताना टाके ओढायचे, म्हणून ते गालाला हात लावून हसत होते आणि दुसऱ्या हाताने मला गप्प बस म्हणून खुणा करत होते.

आईने संध्याकाळी येऊन ओट्यावरचे तिन्ही केक बघितले. म्हणाली, "गावात कुणाला कंपाउंड वॉल बांधायची असेल तर विचार. माल तयार आहे."

मग आला शनिवार. वजन करायला आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. सत्तेचाळीस पूर्णांक सहा. कमीच झालं होतं. घरी आल्यावर आईने चपला काढल्या, पर्स ठेवली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "तुझी गंमत होते, पण त्यांचं जेवण होत नाही. बंद कर हे."

मी ओव्हनचा प्लग काढला. मला राग आला नाही, कारण ती खरं बोलत होती. मी पप्पांना हसवत होतो, पण हसून वजन वाढत नाही. आणि अजून एक खरं सांगतो, मला भीती वाटत होती. केक करताना ती वाटायची नाही, म्हणून तर मी एकामागून एक करत सुटलो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई बाजारात गेलेली, लाइट गेलेली, मी गॅलरीत बसलेलो. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर पप्पा ओट्याशी उभे. समोर पहिला केक, तो भरीव कामवाला. पावाच्या सुरीने ते त्याचे तुकडे करत होते, सगळे एका मापाचे. तुकडे ताटात लावले, एकाला एक चिकटून. टोपात दूध गरम केलं, साखर घातली. मग चमच्याने ते दूध तुकड्यांवर सोडायला लागले, एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. सगळं भिजल्यावर स्वच्छ पंचा ओला केला, पिळला, ताटावर पसरला आणि घड्याळात बघितलं.

मी विचारलं, हे काय चाललंय?

पाटी हॉलमध्ये होती. त्यांनी बोटाने ओट्यावर सांडलेल्या पिठात लिहिलं, "क्युअरिंग."

आता तुम्ही सिव्हिलवाले नसाल तर सांगतो. स्लॅब टाकला की काम संपत नाही. त्याच्यावर दिवसच्या दिवस पाणी मारायचं असतं, ओली बारदानं टाकून ठेवायची असतात, तेव्हा कुठे काँक्रीट काँक्रीट होतं. पाणी मिळालं नाही तर ते फुटतं. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी तो ऑप्शनला टाकला होता.

वीस मिनिटांनी पंचा काढला. तुकडे दूध पिऊन टम्म झाले होते, पण आकार सोडला नव्हता. पप्पांनी एक चमच्यावर घेतला, अकरा काड्यांच्या फटीतून आत सरकवला, डोळे मिटले. तो गेला. जिभेने ढकलावा लागला नाही, आपसूक घसरला. मग दुसरा. मग तिसरा. त्यांनी अख्खं ताट संपवलं आणि उरलेलं दूध ताट तिरकं करून चमच्याने घेतलं. मी तोंड धुवायला जातो म्हणून बाथरूममध्ये गेलो आणि तिथे नळ सोडून पाच मिनिटं बसलो. पाणी वाया गेलं, माहितीय. वसईत राहून असं करू नये.

आई आली तेव्हा ताट बघून तिने काय ते ओळखलं. सॉरी वगैरे आमच्याकडे नसतं. पण सोमवारी सकाळी सगळ्या डब्यांवर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. मैदा. रवा. एका डब्यावर, "तांदळाचं पीठ, केकला नाही."

मग आमची साइटच सुरू झाली. मी केक करायचा, पप्पांनी क्युअरिंग. गिरीजहून भाजी घेऊन येणारी मावशी आमच्या गेटवर बसते. तिच्या घराचा स्लॅब पप्पांनी लक्ष घालून टाकून घेतला होता, आणि तो अजून एक थेंब गळत नाही हे ती दर भेटीत सांगते. तिला कळल्यावर ती वाडीतली जास्त पिकलेली केळी माझ्यासाठी बाजूला ठेवायला लागली. ती कुस्करून केकमध्ये गेली. दुधात अंड्याचा बलक आटवून घालायची आयडिया आईची. चॅटवर समोरचा ग्राहक भडकलेला असायचा आणि इकडे पप्पा ताटावर पंचा टाकून मला हाताने वेळ सांगायचे. मी तिकडे टाइप करायचो, दहा मिनिटांत होईल सर. तो केकचा टाइम असायचा.

मध्ये एक अपघात झाला. बुधवारी माझा केक चांगला झाला. म्हणजे खरोखरचा चांगला, हलका, जाळीदार, फोटो काढावा असा. मी नाचायचाच बाकी होतो. पप्पांनी दूध सोडलं आणि तो अर्ध्या मिनिटात विरघळून लापशी झाला. एक चमचा भलतीकडे गेला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी पाटी मागितली. "माल हलका. रिजेक्ट. पहिल्यासारखा कर." मी परत मगाने मैदा मोजला. वाईट केक मुद्दाम करणं सोपं नसतं, सांगतो तुम्हाला. त्या आठवड्यात मी जगातला एकमेव माणूस असेन जो केक बसावा म्हणून ओव्हनचं दार उघडत होता.

दुसऱ्या शनिवारी अठ्ठेचाळीस पूर्णांक सात.

तिसऱ्या शनिवारी आईची शाळा होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. निघताना मी म्हटलं, जाड जीन्स घाला, खिशात दोन किल्ल्या राहू द्या, काय फरक पडतो. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी किल्ल्या परत खुंटीला लावल्या. त्यांच्यासमोर मापात पाप चालत नाही. काट्यावर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या, पट्टा काढला, घड्याळ, मोबाइल, चष्मासुद्धा काढून माझ्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नव्हता. मी बघितला. दोनदा बघितला, मग डॉक्टरांना बघायला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं. नळीचा विषय सध्या काढायला नको." मग विचारलं, काय दिलंत? मी म्हटलं, केक. त्यांनी मान हलवली आणि दुधाचं प्रमाण तेवढं लिहून घेतलं.

रेडिएशन अजून व्हायचंय. ते सोपं नसतं असं सगळे सांगतात, चव जाते, तोंड येतं. मला खोटं काही लिहायचं नाही. पण माझ्या वाईट केकने, गिरीजच्या केळ्यांनी आणि पप्पांच्या तीस वर्षांच्या साइटने मिळून आमच्या घरात दोन किलो माणूस परत आणला, आणि त्यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानू असं झालंय. त्या आरसीसीच्या सरांचेही मानतो, ज्यांनी मला तीनदा नापास केलं. नाहीतर मी दुपारच्या वेळी घरी कशाला असतो?

रिक्षात बसलो तेवढ्यात आईचा फोन आला. मधली सुट्टी झाली असणार, मागे पोरांचा नुसता गोंगाट. मी सांगणार, तर पप्पांनी हात पुढे केला. ऑपरेशननंतर ते फोनवर कुणाशीच बोलले नव्हते. त्यांचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, मलाही निम्मंच कळतं. मी फोन दिला.

"फन्नाफ," पप्पा म्हणाले.

आई म्हणाली, "ऐकू नाही आलं. परत सांगा."

"फन्नाफ."

आईला त्यांचं बोलणं बंद दाराआडूनही कळतं. पण ती म्हणाली, "अहो, इथे पोरं ओरडतायत. अजून एकदा सांगा ना."

पप्पांनी सरळ बसून तिसऱ्यांदा सांगितलं, एवढ्या मोठ्याने की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. आणि या वेळी पुढचं 'पूर्णांक एक'सुद्धा सोडलं नाही.