अप्पांचा स्टिरिओ आणि मुका स्पीकर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन पुण्याहून तंजावरला आले त्याला जेमतेम चार महिने झाले होते, आणि राजवाड्यामागच्या आमच्या घरातलं माझं सगळ्यात मोठं कोडं होतं सासऱ्यांचा जुना स्टिरिओ...

कुणीतरी सिंगापूरहून आणलेला, साधारण माझ्याच वयाचा. आवाज वाढवायला गेलं की खरखर, आणि उजव्या स्पीकरमधून तर काहीच नाही. अप्पा, म्हणजे माझे सासरे, व्हायोलिन शिकवायचे. इतक्या तयार कानाचा माणूस हे मुकाट्याने कसं ऐकून घेतो, तेच मला कळेना.

एका शनिवारी अप्पा शिकवणीला तिरुवैयारूला गेले आणि मी पदर खोचला. माझा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्याजवळ बसून थोडंफार शिकले होते. प्लग काढला, मागचे स्क्रू काढले... आत धुळीची चक्क गादी. ब्रशने ती झाडली, आवाजाच्या बटणाच्या फटीत स्पिरिटचे थेंब सोडले आणि ते पन्नासदा इकडून तिकडे फिरवलं.

सगळं वाळल्यावर लावून पाहिलं. खरखर गेली, पण उजवा स्पीकर मुकाच. वायरी अदलाबदल केल्या तर डावा मुका... म्हणजे स्पीकर ठीक होते. मग बिघाड कुठे? पुन्हा उघडला, पुन्हा झाडला. डोकं चालेना.

शेवटी वायरी जागच्या जागी लावून पुढची बाजू पुसायला घेतली, तेव्हा दिसलं. बॅलन्सचं बटण पार डाव्या टोकाला होतं. कुणाच्या तरी हातून फिरलं असणार, असं म्हणून मी ते मध्यावर आणलं आणि दोन्ही स्पीकर सुरेख वाजायला लागले.

संध्याकाळी अप्पांना मोठ्या उत्साहाने खुर्चीत बसवलं आणि कॅसेट लावली. त्यांनी मान जरा वळवली, परत सरळ केली.

"अस्की धूळ काढलीस, बरं केलीस ग." त्यांच्या तंजावरी मराठीत अस्की म्हणजे सगळी. " पण आता डावीकडून येईना."

मी चक्रावले. डावा स्पीकर माझ्यासमोर वाजत होता, त्याचं कापड बोटांना थरथरताना लागत होतं. "अप्पा, चालू आहे की हा."

त्यांचा हात डाव्या कानाशी गेला... आणि मला कळलं. बटण चुकून फिरलेलं नव्हतं. डावा कान जसजसा कमी होत गेला, तसं अप्पांनीच ते थोडं थोडं सरकवलं होतं.

"त्याला सांगू नको ग," ते माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाले. "शिकवणी सोडा म्हणेल."

मी उठले आणि बटण पुन्हा डाव्या टोकाला नेलं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, खरखर गेली, पण उजवा स्पीकर काही जमला नाही. मोठी मेकॅनिक म्हणून त्याने बरेच दिवस चिडवलं. अप्पा पुढे सहा वर्षं शिकवत होते.

तेव्हा मी गप्प बसले ते बरोबर की चूक, माझा अजून गोंधळ आहे. पण त्या परक्या घरात मला आपलं मानून पहिलं गुपित सांगितलं ते अप्पांनी... त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.