लाल टॅग लावलेलं मशीन

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिथं माझं काम माल नाकारण्याचं आहे. कागदावर त्याला ‘येणाऱ्या मालाची तपासणी’ म्हणतात. पण पास केलेल्या मालाबद्दल मला कधी कुणी विचारत नाही, नाकारलेल्याबद्दल मात्र दहा जणांचे फोन येतात. सप्लायरचा माणूस आधी चहा पाजतो, मग पोराबाळांची शपथ घेतो, मग आमच्या साहेबांना फोन लावतो. मी हलत नाही. ब्रॅकेटचं भोक केसभर मोठं असलं तरी अख्खा लॉट बाजूला. कारखान्यातली पोरं चिडवतात, ‘‘राव, तुम्ही सासुरवाडीला आंबे खातानाही गेज लावत असाल.’’ मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

असा माणूस कानाच्या एका मशीनपायी कसा फसला, आणि फसल्यावर त्यानं त्याहून वाईट काय केलं, ते लिहायला बसलोय. लिहिताना दुकानदाराचा राग येतोच, पण त्यापेक्षा जास्त दुसऱ्याच कुणाचा येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठवाड्यातून इकडं आले आणि भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. पत्रा दाबायचं अजस्र यंत्र. चार श्वास घेतले की एक धडाका, पुन्हा चार श्वास, पुन्हा धडाका, असं आठ तास. ओव्हरटाइम असला तर बारा. संरक्षण म्हणून कानात कापसाचा बोळा, आणि तो कापूससुद्धा घरून न्यायचा. रिटायर होईस्तोवर उजवा कान गेलाच होता, पुढं डावाही उतरत गेला.

घरात आम्ही ओरडून बोलायचो, भागून जायचं. खरी पंचाईत रविवारची व्हायची. आकुर्डीला आमच्या वस्तीतल्या विहारात सकाळची वंदना झाली की म्हाताऱ्यांचा एक घोळका सतरंजीवर तसाच बसून राहतो. सगळे जुने कामगार. कुणाचा पोरगा कुठं लागला, कुठली कंपनी बंद पडली, कोण आजारी आहे, सगळ्याचा निकाल तिथं लागतो. आबा त्या घोळक्याचे राजे होते. संपाच्या दिवसांतल्या गोष्टी सांगाव्यात तर त्यांनीच. पण कान गेले तशी त्यांची फजिती व्हायला लागली. लोक हसून थांबले की हे हसायचे. एकदा एक जण बायको गेल्याचं सांगत होता आणि आबांना वाटलं, गंमत चाललीय. ते मोठ्यानं हसले. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, ‘‘मला कानाचं मशीन घिऊन दे. मला माणसांत बसायचंय.’’

त्याआधी त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

पिंपळे सौदागरला मोठमोठ्या सोसायट्यांच्या रांगेत एक काचेचं दुकान आहे. आत एसी, गुबगुबीत खुर्च्या, पांढरा कोट घातलेली एक पोरगी. तिनं आबांना खोलीत बसवून कान तपासले आणि दुकानातलं नमुन्याचं मशीन त्यांच्या कानांत घातलं. आबा दचकून वर बघायला लागले. ‘‘पंखा वाजायलाय की!’’ म्हणाले. मग माझ्या बायकोच्या बांगड्या, बाहेरचा हॉर्न, स्वतःचं खोकणं. प्रत्येक आवाज ते आम्हाला नवीन असल्यासारखा दाखवत होते. परवडत नव्हतं, तरी तिथल्या तिथं मी दोन्ही कानांच्या जोडीची ऑर्डर दिली.

आठवड्याभरानं मशीन आलं. त्या पोरीनं सील फोडलं, मशीन आबांच्या कानांत बसवलं आणि चार-पाच कागद माझ्यापुढं सरकवले. सहीच्या जागी पेन्सिलनं बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळ्यांवर सह्या ठोकल्या.

ज्यानं आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी केली नाही त्याला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. गेटवर मालाची गाडी लागली की ड्रायव्हरला ताटकळत ठेवता येत नाही. चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, आधी सही करायची, तपासणी मागाहून. त्या सहीचा अर्थ एवढाच की गाडी आली, माल उतरला. माल चांगला आहे, असं त्या सहीनं कुणी कबूल करत नाही. सप्लायरलाही ते ठाऊक असतं. वीस वर्षं अशा सह्या करून वळण पडलेला हात त्या काचेच्या दुकानातही तसाच चालला. वस्तू मिळाली, सही केली. बरी-वाईट काय ते घरी गेल्यावर बघू.

बघायला फार वेळ लागला नाही. मशीन मध्येच शिट्टी मारायचं, मध्येच मुकं व्हायचं. आबा सुरुवातीला आमचं मन राखायला ‘येतंय, येतंय’ म्हणायचे. मग एका रविवारी ते विहारातून लवकरच परत आले. कानातल्या शिट्टीनं शेजारचे म्हातारे वैतागले होते. तेव्हा मी कंपनीतलं भिंग घरी आणलं आणि मशीनवरचा बारीक नंबर वाचला. वॉरंटी कार्डावर वेगळाच होता. पेटीवरचा नंबर कार्डाशी जुळत होता. म्हणजे पेटी नवी, कार्ड नवं आणि आतलं मशीन कुणाच्या तरी कानातून निघालेलं. कडेला ओरखडेही दिसले.

दुकानाचा मॅनेजर हसतमुख होता. त्यानं फाईल काढली आणि माझ्या सहीवरचा मजकूर मला वाचून दाखवला: नंबर पडताळून घेतला, मशीन वापरून पाहिलं, पूर्ण समाधान आहे.

‘‘सही तुमचीच ना, सर?’’

‘‘माझीच. पण ती माल मिळाल्याची आहे.’’

‘‘सर, तुम्ही क्वालिटीत आहात म्हणाला होतात ना? मग नंबर न बघता सही कशी केलीत?’’

हा प्रश्न त्यानं अगदी गोड आवाजात विचारला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात आबांनी बाही धरून विचारलं, ‘‘काय म्हणायलाय त्यो?’’ मी त्यांना हातानंच गप्प बसवलं.

आता माझा दुसरा पराक्रम. आमच्या कंपनीत नाकारलेला माल जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. त्याला लाल टॅग, पिंजऱ्याला कुलूप, किल्ली माझ्याकडं. सप्लायर येऊन चूक कबूल करेपर्यंत त्या मालाला कुणी हात लावायचा नाही. आणि तोवर तो पार्ट दुसरीकडून उचलायचाही नाही, कारण आपली जोडणीची लाइन चालू राहिली की सप्लायर म्हणतो, तुमचं काय अडलं? लाइन थांबली की तो धावत येतो. हा हिशेब माझ्या हाडीमाशी खिळलेला. मी आबांच्या कानांतून मशीन काढलं, पिशवीत भरलं, कंपनीतून आणलेला लाल टॅग बांधला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही भांडा ना खुशाल. तोवर आबांना एक साधंसं मशीन घेऊ या. माझी भिशी लागलीय.’’

‘‘दुसरं घेतलं की केस ढिली पडते. ते म्हणतील, यांचं भागलंय.’’

‘‘असं कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी सांगायला कशाला पाहिजे? रोज हेच करतो मी.’’

आबांना आमचं काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांना कागदावर लिहून दिलं: भांडून नवं मिळवतो, धीर धरा. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘लई वेळ लागंल का?’’ मी तीन बोटं दाखवली. माझ्या मनात तीन महिने होते.

लागली दोन वर्षं. आधी हेल्पलाइन, मग नोटीस, मग ग्राहक आयोगात तक्रार. कागद स्कॅन करा, अपलोड करा, एक पान वाकडं आलं म्हणून पुन्हा करा. मग तारखा. दुकानाच्या वकिलाला कधी कागद मिळालेले नसत, कधी बरं नसे, कधी त्याला उत्तर द्यायला मुदत हवी असे. मी सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो, सकाळी पुण्याला जायचो आणि तिथून थेट चाकण. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायला लागली होती. कँटीनमध्ये पोरं भोवती जमायची. ‘‘भावा, सोडायचं न्हाई त्यांला!’’ शेजारच्या एका सोसायटीतल्या लोकांनी मला ग्राहकांच्या हक्कांवर चार शब्द बोलायला बोलावलं. बिल जपून ठेवा, वाचल्याशिवाय सही करू नका, अन्याय सहन करू नका. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळालं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. बाकीचे टाळ्या वाजवताना बघून त्यांनीही वाजवल्या.

तोवर ते विहारात मागच्या भिंतीला टेकून बसायला लागले होते. मग एक रविवार आड जायला लागले. मग पाय दुखतात म्हणाले. त्यांचा प्रेस शॉपमधला जोडीदार एकदा घरी आला, दोन-तीन वाक्यं ओरडून बोलला, मग दोघं टीव्हीतली चित्रं बघत बसले. पुन्हा काही तो आला नाही. मी संध्याकाळी टेबलावर कागद पसरून बसायचो. आबा समोर येऊन बसायचे, काहीतरी विचारायचे. ओरडून उत्तर द्यायचं तर केसच्या मांडणीचा धागा तुटायचा. मी हात वर करायचो. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, माणूस वयानं शांत झालाय.

शेवटच्या सुनावणीला आयोगाच्या सदस्य बाईंनी फाईल चाळता चाळता विचारलं, ‘‘एवढे दिवस वडील काय वापरत होते?’’

‘‘काहीच नाही, मॅडम,’’ मी छाती काढून म्हणालो. मला वाटलं, आमचे हाल ऐकून केस आणखी भक्कम होईल.

त्यांनी मान वर केली. ‘‘का?’’

मी पिंजरा, टॅग सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही दुसरं घेऊन त्याचं बिल जोडलं असतं तर तोही खर्च मागता आला असता. तुम्हाला अडवलं कोणी होतं?’’

दुकानाचा वकील खाली बघून हसला. बायकोनं पहिल्याच दिवशी जे म्हटलं होतं ते आता कायद्याच्या तोंडून ऐकत होतो. परत येताना नाशिक फाट्याला बस अर्धा तास अडकली आणि मला पहिल्यांदा वाटलं, अडकलीय ते बरंय, घरी जायला नको.

निकाल आमच्या बाजूनं लागला. छापील कागदावरच्या सहीआड दुकानाला लपता येणार नाही, असं आयोगानं स्वच्छ लिहिलं. नवं मशीन आणि भरपाई. निकालाचा फोटो मी कंपनीच्या ग्रुपवर टाकला. पेढे वाटा म्हणाले, वाटले. बायकोनं पेढा हातात घेतला आणि आबांच्या ताटात ठेवला.

दुकानाचा माणूस एका रविवारी सकाळी नवं मशीन घेऊन घरी आला. मी नंबर तीनदा ताडून पाहिला, कागदाचा शब्द न शब्द वाचला, मगच सही केली. त्यानं मशीन आबांच्या कानांत बसवलं, आवाज लावून दिला आणि तो गेला. शिट्टी नाही, खरखर नाही. स्वयंपाकघरात कुकर वाजला तशी आबांनी तिकडं मान वळवली. पण ‘कुकर वाजायलाय’ असं काही ते म्हणाले नाहीत.

‘‘आबा, विहारात जाऊन येता का? मी सोडतो गाडीवर.’’

‘‘न्हाई. आता कोण हाय तिथं माझ्या वळखीचं?’’

सगळे होते. मी तसं बोललोही. त्यांनी नुसती मान हलवली आणि समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. मी बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी साध्या आवाजात बोललेलं त्यांना कळत होतं. ते थोडे पुढं सरकले.

‘‘बोल,’’ म्हणाले.

‘‘केस आपण जिंकली, आबा.’’

‘‘ते कळलं. पेढं खाल्लं की. दुसरं सांग काहीतरी.’’

मी शोधायला लागलो. तारखा आठवल्या, नोटीस आठवली, वकिलाचं खोटं आजारपण आठवलं, मॅनेजरचं हसू आठवलं. बाकी काही सापडेना. आबा तोंडाकडं बघत होते. त्यांनी बरीच वाट पाहिली. मग एक एक करून दोन्ही कानांतली मशीनं काढली आणि डबीत ठेवून झाकण लावलं.

‘‘सेल उगं वाया जायलेत,’’ म्हणाले.