परखीवाल्याची चामडी

हिंगोलीच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांत परखी खुपसायचं काम उत्तमसिंग राठोडनं इतकी वर्षं केलं, की पुसेगावकडच्या तांड्यावर त्याला 'परखीवाला' सोडून दुसरं नाव उरलं नव्हतं. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी. पोतं न सोडता आतला मूठभर माल बाहेर काढते. शेतकरी चांगल्या मालाची बाजू पुढं करून पोतं ठेवत. उत्तमसिंग पोतं फिरवायचा आणि बुडात परखी घालायचा. त्यामुळं मोंढ्यात त्याला मान होता, मित्र मात्र नव्हते.

२००७ साली त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात धाकट्या भावाची, प्रेमदासची हाडांतली मज्जा त्याला दिली. मज्जा रुजली, कॅन्सर गेला आणि काही महिन्यांनी डाव्या हाताची कातडी लाल होऊन ताठरली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की भावाच्या पेशी त्याच्या अंगाला परकं मानून हल्ला करताहेत. दोघा भावांत बांधावरून कधी भांडण झालं नव्हतं. ते आता आत सुरू झालं.

"मी न्हाई भांडत, दादा," प्रेमदास म्हणाला. "मला तर ठाऊकबी न्हाई."

कातडीचा तुकडा काढून तपासला, गोळ्या सुरू झाल्या. लाली ओसरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरची लाली गेली म्हणून आतली आग गेली असं नाही. परत तुकडा काढू. आत शांत असेल तर गोळ्या कमी करून गावी सोडू, नसेल तर औषध बदलू."

उत्तमसिंगला यातलं 'गावी' तेवढं ऐकू आलं. होळी तोंडावर होती, आणि तांड्यावरची लेंगी, म्हणजे होळीची गाणी आणि नाच, त्याच्याशिवाय सुरूच होत नसे. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

तुकडा काढायला नवा डॉक्टर आला. उत्तमसिंगनं डावी बाही खाली ओढली आणि उजवा दंड पुढं केला. "इकडून घ्या सायेब, तो हात लई दुखून राहिला."

रिपोर्ट स्वच्छ आला. गोळ्या कमी करायचं ठरलं. धर्मशाळेत त्याची बायको पारुबाई पिशव्या भरत होती, तेव्हा खुशीत त्यानं सगळं सांगून टाकलं.

पारुबाईचा हात थांबला. "म्हंजे चांगल्या मालाची बाजू पुढं केली तुमी. दुसऱ्याचं बुडातून बघता, अन् सोताचं काहून वरवरून?"

"अगं, होळी..."

"माल किडका निघाला तर परत कोन घेनार हाय तुमाला?"

"माझ्याकडं बघू नका, वहिनी," पिशव्या बांधायला आलेला प्रेमदास म्हणाला. "मी दिलं तेवढं दिलं."

सकाळी उत्तमसिंग स्वतःच डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन उभा राहिला. त्या रागावल्या नाहीत. "तुकडा जिथला, तिथलंच सांगतो," त्या म्हणाल्या. "उजव्या दंडाला आजार नव्हताच."

जुन्या डागाशेजारचा तुकडा काढला. आग होती तशीच होती. औषध बदललं, मुक्काम वाढला. तांड्यावर लेंगी वेळेवर सुरू झाली, असं गावी परतलेल्या प्रेमदासनं फोनवर कळवलं. ते उत्तमसिंगला सुईपेक्षा जास्त लागलं.

पोळ्याच्या सुमारास पुन्हा तपासणी आली. कुणी सांगायच्या आधीच त्यानं डावी बाही वर करून डागांची बाजू पुढं केली. या वेळी आत शांत होतं. गावी जा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उत्तमसिंग जागचा हलला नाही.

"बाई," तो म्हणाला, "जरा बुडातूनबी एक घेता का?"