माझ्या भिंतीवरचं काळं बटण

माझ्या पुढच्या खोलीत दाराजवळ लाइटचा बोर्ड आहे. त्यावर पांढऱ्या बटणांची ओळ आहे आणि शेवटी एक काळं बटण. पांढऱ्या बटणांचे दिवे-पंखे माझ्या घरात लागतात. काळ्याचा दिवा भिंतीपलीकडे, मागच्या घरात लागायचा. आता लागत नाही. तरी दिवेलागणीला हात तिकडे जातोच. बायको पाहते आणि म्हणते, "जाऊ द्या ना आता." मी म्हणतो, "हात गेला, मी नाही गेलो."

मी काही शिकलेला माणूस नाही. चौथीत शाळा सुटली. बापासोबत वर्ध्याकडून जबलपूरला आलो, फॅक्टरीत लोखंड उचललं आणि अधारतालच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या. कोणाकडून काही घेतलं नाही. मुलगा म्हणतो, बाबा, लिहायचंच आहे तर हिंदीत लिहा, इथे मराठी वाचते कोण. लिहीन तर मराठीतच लिहीन. ज्याला वाचायचं तो वाचेल.

आमच्या गल्लीत लाइटचा शेवटचा खांब माझ्या घरासमोर होता. माझ्या घरामागे नाला आणि नाल्याच्या काठाने पत्र्याची घरं. तिकडे खांब नव्हता, तार नव्हती. माझ्या भिंतीला लागून जे पहिलं घर, तिथे एक बाई राहायला आली. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादा दिवस घरी. ती सलवार-सूट शिवायची. कमानिया गेटजवळचा व्यापारी कापलेल्या कापडाचे गठ्ठे द्यायचा, ही शिवून द्यायची. मशीन पायाची.

संध्याकाळ झाली की ती मशीन ओढत ओढत माझ्या खिडकीखाली आणायची. मला आधी वाटलं, हवा खायला येते. मग पाहिलं तर माझ्या खिडकीतून जो उजेड सांडायचा, त्यात ती सुईत दोरा ओवून राहिली होती. मी आत गेलो आणि बायकोला म्हटलं, "हे बरं नाही दिसत." बायकोला वाटलं मी तिला हाकलणार. मी बाजारातून वायर आणली, आपल्या बोर्डातून काढली, पेरूच्या झाडाच्या फांदीवरून नेली आणि तिच्या छताला होल्डर लावून दिला. त्याचं ते काळं बटण.

बटण तिच्या घरात लावता आलं असतं. नाही लावलं. माझं मीटर, तर बटण माझ्या घरी. संध्याकाळी मी दाबायचो, पलीकडून आवाज यायचा, "आ गई बाबूजी!" झोपायच्या आधी ती सांगायची, मी बंद करायचो. पुढे तिने कुठून तरी जुना पंखा आणला. तोही त्याच वायरवर. मग उन्हाळ्याच्या दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "बाबूजी, ज़रा हवा दे दो!" मी बटण दाबायचो. बायको हसायची. म्हणायची, "इंद्रदेव झाले तुम्ही. पाऊसही मागा म्हणावं."

एक पैसा घेतला नाही मी. तिने पुष्कळदा विचारलं. मी म्हटलं, "दुकान नहीं खोला मैंने." मग ती माझ्या बायकोचे ब्लाउज शिवून द्यायची, उशांचे अभ्रे करून द्यायची. ते बायकांचं, त्यात मी पडलो नाही.

एकदा तिने मशीनला लावायची विजेची मोटर कोणाकडून तरी आणून पाहिली. लावली आणि माझा फ्यूज उडाला. दोन्ही घरं अंधारात. मी साफ सांगितलं, या वायरवर एक दिवा आणि एक पंखा, बस. तिने मोटर काढली. परत देऊन आली.

मग सरकारची ती योजना आली. एकही घर लाइटशिवाय राहायचं नाही, असं रिक्षावर भोंगा लावून सांगत फिरले. ज्याच्याकडे लाइट नाही त्याला फुकटात मीटर. एका दुपारी मोबाइल घेऊन एक माणूस नाल्याकाठची घरं पाहत आला. जेठ महिन्याचे दिवस. नुकतीच तिने हवा मागितली होती, मी बटण दाबलं होतं. त्या माणसाने तिच्या दारातून आत डोकावलं, पंखा फिरताना पाहिला, दिवा पाहिला, फोटो काढला आणि पुढच्या घरी गेला. कोणाला काही विचारलंच नाही.

बायको अजून म्हणते, तेव्हा तुम्ही बटण बंद करायचं होतं. काहून करायचं? बाई घामाने भिजून राहिली होती. उन्हात पंखा चालला, यात माझं काय चुकलं, ते कोणी मला समजावून सांगावं.

खांब आले. खड्डे झाले, तारा ओढल्या. नाल्याकाठी घराघरात मीटर लागलं, लोकांनी नारळ फोडले. एक खांब तर बरोबर तिच्या दारासमोर उभा राहिला. तारा तिच्या पत्र्यावरून पुढच्या घरी गेल्या. तिच्या घरी नाही आल्या. कागदावर तिच्या घरी लाइट आधीच होती.

तिला घेऊन मी बिजलीच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला बाबू म्हणाला, "इनके यहाँ तो लाइट है."

मी म्हटलं, "वो मेरी लाइट है."

"मतलब?"

"मतलब मैं देता हूँ. अपने मीटर से."

त्याने चष्मा काढला. "बब्बा, ज़ोर से मत बोलो. एक मीटर से दूसरे घर लाइट देना जुर्म है. आपकी भी कट जाएगी."

मी म्हटलं, "चोरी की है क्या? बिल भरता हूँ."

"बिल भरो चाहे मत भरो, बाँट नहीं सकते." बाबू काही वाईट माणूस नव्हता. चहा प्यायला बाहेर आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, तार काढून टाका. पुढच्या वेळी पाहणी होईल तेव्हा घरात अंधार पाहिजे. कोणी विचारलं तर सांगा, इथे कधी लाइट नव्हतीच.

मी म्हटलं, "मी खोटं नाही बोलणार." मराठीतच बोललो, रागात असलो की तेच येते. बाबूने मान हलवली आणि चहा संपवला.

त्यानंतर किती चकरा झाल्या ते मी मोजलं नाही. दर वेळी नवीन माणूस खिडकीत. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. पैसे भरतो म्हटलं तर जागेचा कागद दाखवा म्हणायचे, तो नाल्याकाठी कोणाकडेच नव्हता. मी सांगायचो खरं, आणि खरं ऐकलं की ते म्हणायचे, मग लाइट तर आहे. उन्हात बसून बसून माझे पाय सुजायचे. तिने एकदा म्हटलं, बाबूजी, तार काढूनच पाहू का? मी म्हटलं, आपल्या हाताने कोणाच्या घरातला दिवा मी विझवणार नाही. यायचं असेल तर सरकारने यावं, वायर पाहावी, आणि मग मीटर द्यावं. 

वर्षं गेली अशीच. तिचा गुडघा गेला. आधी लंगडायची, मग मशीन चालवताना मधेमधे थांबायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मशीन चालली, थांबली. चालली, थांबली. डॉक्टरने सांगितलं, पायाची मशीन बंद करा, नाहीतर उठता यायचं नाही. व्यापाऱ्याने सांगितलं, माल वेळेवर नाही आला तर गठ्ठे दुसरीला जातील. मोटर लागली तर पाय वाचत होता आणि कामही. पण मोटरला लाइट पाहिजे, अन् माझ्या वायरला ती झेपत नव्हती.

अलीकडे पुन्हा काम निघालं. उघड्या तारा काढून जाड काळी केबल टाकली, पुलाजवळ नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. पूर्वी संध्याकाळी आमचा बल्ब पिवळा पडायचा, तो आता पांढरा राहतो. खरं ते खरं. आणि सांगितलं की सुटलेली घरं पुन्हा पाहणार आहेत.

ती त्याच संध्याकाळी आली. दारातच बसली, गुडघ्यावर हात ठेवून. माझी बायको म्हणाली, "आत ये बाई." ती नाही आली.

"बाबूजी, तार उतार दो."

मी म्हटलं, "मैं नहीं उतारूँगा."

"तो किसी और से उतरवा लूँ?"

मी बोर्डावरच्या काळ्या बटणाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आपने बाँधी थी. आप ही उतारोगे तो ठीक लगेगा."

ती गेल्यावर बायकोने मला धारेवर धरलं. "तुमचा हट्ट आणि तिचा पाय. किती दिवस तुम्ही खरं बोलून राहिले आणि ती पाय मारून राहिली?"

"मग मी काय वाईट केलं?"

"काही नाही केलं वाईट. चांगलंच केलं. आता पुरे करा."

सकाळी मी स्टूल घेऊन मागे गेलो. तिने स्टूल धरलं, मी चढलो. या वयात चढू नये, पण दुसऱ्याला मी चढू देणार नव्हतो. वायर उन्हाने कडक झाली होती, हात लावला की वरचं रबर तुटायचं. पेरूच्या फांदीपाशी गेलो तर वायर दिसेना. सालीने तिला गिळून टाकलं होतं. वरून खालून ओढलं, निघाली नाही. शेवटी दोन्हीकडून कापली. तेवढा तुकडा झाडातच राहिला. अजून आहे.

पाहणीवाला येणार येणार म्हणता आलाच नाही. तिच्या घरात अंधार. दिवसा ती मशीन दारात घेऊन बसायची, संध्याकाळी शिवण बंद. मला काही ते पाहवेना. मी चार्जिंगचा दिवा आणला. रोज सकाळी ती तो माझ्याकडे द्यायची, माझ्या घरी चार्ज व्हायचा, संध्याकाळी घेऊन जायची. बायको म्हणाली, "झालं, पुन्हा सुरू. आधी वायरने द्यायचे, आता डब्यात भरून देऊन राहिले." मी म्हटलं, डब्यात भरून देण्यावर कायदा नाही अजून.

एका ढगाळ दुपारी पाहणीवाला आला. मी तिच्याच दारात बसलो होतो. तिने चटकन तो दिवा कापडाच्या गठ्ठ्याखाली सारला. माणूस आत गेला, मोबाइल वर धरला, म्हणाला, "अंधेरा है, फोटो नहीं आ रही."

ती म्हणाली, "वही तो दिखाना है, भैया."

तो हसला. मग त्याची नजर वर गेली. पंखा लटकत होता. होल्डर तसाच होता. मी काढायचा विसरलो नव्हतो, काढावंसं वाटलं नाही.

"लाइट नहीं है तो पंखा कहाँ से आया?"

 तिने तोंड उघडलं, "मायके से आया है. लाइट भी मायके से आती तो आपको तकलीफ़ न देती."

पाहणीवाला पुन्हा हसला, पण लिहिलं नाही. माझ्याकडे वळला. पांढरे केस पाहून विचारलं असेल, म्हाताऱ्याला. "बब्बा, आप बगल में रहते हो? सच बताओ. यहाँ पहले कभी लाइट थी?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. गुडघा चोळत होती. ती वायर माझ्या डोळ्यांसमोर आली, ती फांदी, "आ गई बाबूजी" म्हणून यायचा तो आवाज. या एका गोष्टीचा मला अभिमान होता. फॅक्टरीत मी लोखंड उचललं, ते कोणाच्या कामी आलं मला माहीत नाही. हा दिवा माहीत होता. आणि आता मलाच माझ्या तोंडाने सांगायचं होतं का तो नव्हताच.

मी म्हटलं, "नहीं. यहाँ कभी लाइट नहीं थी."

"पक्का?"

"अंधेरा ही था," मी म्हटलं. "हमेशा."

त्याने मोबाइलवर बोट फिरवलं आणि निघून गेला. मी उठलो. घरी येऊन पडलो. बायकोने विचारलं, काय झालं. सांगितलं. ती म्हणाली, "चला, झालं एकदाचं." मी भिंतीकडे तोंड केलं.

मीटर लागलं. काही दिवसांनी मोटरही आली. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा दिवा लावायचा होता, ती भिंतीपलीकडून ओरडली, "बाबूजी, आके आप बटन दबाओ!"

बायको म्हणाली, "जा ना."

मी म्हटलं, "नाही जात. तिथे लाइट नव्हती असं मी सरकारला सांगून बसलो. मग माझं काय काम तिथे? तिचं घर, तिचं बटण." बायको स्वतःच गेली. थोड्या वेळाने तिकडे उजेड पडला. मग मोटरचा आवाज आला. मशीन चालली आणि थांबली नाही. मी बराच वेळ ऐकत होतो. मधे एकदाही थांबली नाही.

आता उन्हाळ्यात कोणी हवा मागत नाही. मुलगा म्हणतो, मिस्त्री आला की ते काळं बटण काढून टाकू, उगाच जागा अडवते. मी म्हटलं, राहू दे, कोणाला चावत नाही.

परवा संध्याकाळी लाइट गेली. केबल नवी असो का ट्रान्सफॉर्मर, जायची तेव्हा जातेच. पूर्वी गेली की पलीकडून कधी आवाज येत नव्हता. माझी गेली तर तिची गेली, विचारायचं काय त्यात. परवा मी अंधारात खाटेवर बसलो होतो. मोटर बंद पडल्याचं ऐकलं. मग भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"बाबूजी, आपके यहाँ भी गई क्या?"

मी म्हटलं, "हाँ, गई."

"अच्छा," ती म्हणाली. "मुझे लगा सिर्फ़ मेरी गई."